नंबर कुणाचा टाकू?

बालाघाट, ३ जुलै

चि. अनय,

पत्राच्या सुरुवातीला आईने जे लिहायचं असतं ते सगळं लिहिलं आहे असं समज आणि पुढे वाच.

तुझा निरोप शेजारच्या ललिताच्या फोनवर आला. ती चष्मा पुसत माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि वाचून दाखवू लागली. श्रद्धाच्या बाबांना इलेक्ट्रिक गाडी घ्यायची आहे, घेताना काय बघायचं ते आईला विचारा, वर्षभर तीच चालवते आहे, तिच्याएवढं आमच्यात कुणालाच कळत नाही. ललिता म्हणाली, "पोरगं किती मानते वो तुमाले!" मी हौ म्हटलं. शेजाऱ्यांपुढे आणखी काय म्हणणार?

माझा फोन बिघडलेला नाही. मी तो बंद करून गव्हाच्या कोठीत टाकला आहे. म्हणून हे पत्र. पुण्याला पोचायला वेळ लागेल, तोवर तुझ्या सासऱ्यांना, देवेंद्ररावांना, दम धरायला सांग. गाडीची घाई करू नये, हे त्यात आपोआपच आलं.

आता त्यांच्यासाठी लिहिते. नीट वाचून दाखव, तुझ्या सवयीप्रमाणे मधलं गाळू नकोस.

एका चार्जिंगमध्ये गाडी किती जाते म्हणून कंपनी जे छापते, ते स्थळ दाखवताना सांगितलेल्या पगारासारखं असतं. थोडं कमी धरूनच चालावं. उन्हाळ्यात एसी लावला की आणखी कमी. त्यांना गोंदियाहून आमगावच्या शेतावर जायचं आणि परत यायचं. एवढ्यासाठी मोठी बॅटरी घेऊ नये. मोठी बॅटरी म्हणजे कुठेतरी जास्त खोदलेली जमीन आणि जास्त वजन, आणि वजन जास्त की टायर लवकर झिजतात. पर्यावरणासाठी गाडी घेतो म्हणणारा माणूस सगळ्यात मोठी गाडी घेऊन येतो, तेव्हा मला हसू येतं. त्यांची जुनी गाडी अजून ठणठणीत असेल तर आणखी दोन वर्षं तीच चालवा, असंही सांग. राग येईल त्यांना, पण खरं तेच आहे.

वीज कुठून येते ते बघावं. आपल्याकडची बरीचशी अजून कोळशातून येते. तरी पेट्रोलपेक्षा हिशेब बरा पडतो, आणि जितकी वर्षं गाडी टिकेल तितका तो आणखी बरा होतो. गच्चीवर सोलर असेल तर दिवसा चार्ज करावी. घरात चार्जर बसवण्याआधी अर्थिंग तपासून घ्यावं. माझ्याकडे इलेक्ट्रिशियनने "सब ठीक है मॅडम" म्हणून हात झटकले होते. मी खड्डा उघडायला लावला तर आत मीठ नाही, कोळसा नाही, नुसती सळई ठोकलेली. आयुष्यभर पोरांना फिजिक्स शिकवलं, मला कसा फसवणार तो?

बॅटरीची हमी किती वर्षांची आणि ती किती टक्क्यांवर आली की बदलून देतात, हे कागदावर घ्यावं. दुरुस्ती करणारा किती लांब आहे तेही विचारावं. आणि घाटाचा रस्ता असेल तर पोटात थोडी जास्त वीज ठेवून निघावं. गांगुलपाऱ्याचा घाट चढताना आकडा भराभर खाली येतो. उतरताना थोडी वीज परत भरते, पण गेली तेवढी परत येत नाही.

मी तो घाट का चढत होते, ते तुला माहीत आहे. दर गुरुवारी मी बैहरला जात होते. ऋताकडे. तू मला कधी विचारलं नाहीस, मी तुला कधी सांगितलं नाही, आणि तरी तुला माहीत होतं.

ऋता आता बैहरला नाही. तुझी बहीण कुठे आहे हे तिच्या आईला माहीत नाही. तुला देवेंद्ररावांच्या गाडीची पडली आहे.

आई


बालाघाट, १४ जुलै

अनय,

पत्र पोचल्या दिवशी तू ललिताला तीनदा फोन केलास. "आई इतकी काहून नाराज आहे, तिच्याशी बोलू द्या." ललिता फोन हातात धरून माझ्या दारात उभी, आणि मी आतून कडी लावून बसलेली. साठी उलटल्यावर ही पाळी. तुझ्याशी बोलले तर मी रडेन आणि तू "बरं आई, झालं ते झालं" म्हणशील. ते मला नको आहे. कागदावर मला कुणी मध्ये तोडत नाही.

तू विचारतोस, मला कसं कळलं.

गाडी घेतली तेव्हा तू पुण्याहून फोनमधल्या अ‍ॅपवरून तिचा एसी चालू करायचास, आठवतं? मी बाजारातून पिशव्या घेऊन यायचे, दार उघडायचे, तर आत गारेगार. रात्री तुझा फोन, "काय आई, थंडी वाजली का?" मी सगळ्यांना सांगत फिरायचे. बँकेत सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, रामपायलीला गाडीची पूजा केली तेव्हा गुरुजींनाही सांगितलं, की माझा लेक पुण्यात बसून माझी गाडी थंड करतो. गुरुजींनी चाकाखाली लिंबं ठेवली आणि म्हणाले, "माताजी, नशीबवान आहात."

मे महिन्यातला गुरुवार होता. मी तुला सकाळी सांगितलं होतं की रामपायलीला दर्शनाला चालले. खोटं बोलले होते, कारण ऋताने तसं बजावलं होतं. बैहरला ती मुलींच्या वसतिगृहात हिशेबाचं काम करायची आणि अनुसयाबाईंच्या घरी एक खोली घेऊन राहायची. आम्ही दोघींनी जेवण केलं, तिने माझ्या डोक्याला तेल लावलं. चार वाजता मी निघाले. ती मला सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत आली. गाडी दुपारभर उन्हात उभी होती. मी दार उघडलं, आणि आतून गार हवेचा झोत अंगावर आला.

ऋताने हात आत घातला आणि तसाच ठेवला.

"आई, हे कोनं चालू केलं?"

"मीच बंद करायची विसरली असंन."

"सकाळपासून? बॅटरी पाहा बरं."

सकाळी गाडी तिथे उभी केली तेव्हा बॅटरी जेवढी होती, जवळजवळ तेवढीच अजून होती. मी म्हटलं, नवीन गाडी आहे, काहीतरी होत असेल. खरंच मला तेच वाटलं, अनय. बॅटरीचा आकडा समोर दिसत होता, गणित शाळेतल्या पोरालाही सुटलं असतं, आणि फिजिक्सच्या बाईला ते सुटलं नाही. तुझा संशय घ्यायचा हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

ऋताच्या आलं. ती म्हणाली, "दादाले माहीत आहे का, तू इथं येते म्हणून?"

"नाही वं. मी काहून सांगीन?"

तिने हात बाहेर काढला. मग "सांभाळून जा" म्हणाली आणि मागे वळली. मी घाट उतरून आले. वाटेत उकव्याला थांबून तिच्यासाठी पुढच्या वेळी न्यायला एक चादरही घेतली. ती अजून घडीचीच आहे.

तू विसरला असशील की मी त्या दिवशी कुठे असायला हवं होतं. नकाशावर गाडी दिसली, ऊन दिसलं, आणि हात सवयीने गेला. माझी काळजी केलीस तू. तिथेच तर मला काही सुचेनासं होतं. तू वाईटच असतास तर किती सोपं झालं असतं.

आई


बालाघाट, २९ जुलै

अनय,

तुझं पत्र मिळालं. कॉम्प्युटरवर टाइप केलेलं, मुद्द्यांना नंबर घातलेले. ऑफिसात असंच लिहीत असशील.

तू लिहितोस, "मी वीरेंद्रला फक्त लोकेशन पाठवलं, बाकी काहीच केलं नाही." लिहितोस, की नवरा-बायकोचं भांडण आहे, समोरासमोर बसले असते तर मिटलं असतं. लिहितोस, की वीरेंद्र हॉस्टेलपासून तुझा मित्र, तूच हे लग्न जुळवलंस, रोज तो फोनवर रडायचा, तुला बघवलं नाही. आणि शेवटी लिहितोस, "आई, समझा कर, मी सगळ्यांच्या भल्यासाठीच केलं."

नवरा रडला ते तुला ऐकू आलं. आता बैहरला काय झालं ते ऐक. मी तिथे नव्हते, अनुसयाबाईंनी सांगितलं तसं लिहिते.

त्या गुरुवारनंतर शनिवारी वीरेंद्र नागपूरहून जीप घेऊन आला. बरोबर दोन माणसं. समोरासमोर बसून बोलायला तीन माणसं लागतात का? ऋता नळावर होती. त्याने तिला हाताला धरून जीपकडे ओढलं. तोच हात, जो दिवाळीच्या आधी प्लास्टरमध्ये होता आणि "मोरीत घसरली" म्हणून तू आणि मी दोघांनी मान डोलावली होती. अनुसयाबाई धुण्याची थापी घेऊन धावल्या. गल्ली गोळा झाली, तेव्हा त्याने तिला सोडलं. कुणीतरी पोलीस बोलावला, तो येऊन म्हणाला, "घर का मामला है, घर में निपटाओ." वीरेंद्र जाताना सगळ्या गल्लीसमोर ओरडून गेला, "तेरी माँ के घर से ही पता मिला है! अब जहाँ जाएगी, वहाँ से मिलेगा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋता निघून गेली. अनुसयाबाईंनाही कुठे ते सांगितलं नाही. फोन बंद. माझ्यासाठी एकच निरोप ठेवला: "आईले सांगा, मी तिच्यावर भरोसा केलता."

मी हे ऐकलं ते अनुसयाबाईंच्या दारात उभी राहून. पुढच्या गुरुवारी नेहमीप्रमाणे गाडी घेऊन गेले होते, भरल्या वांग्यांचा डबा आणि ती चादर घेऊन. त्यांनी मला आत घेतलं नाही. गाडीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बाई, तुमची ही गाडी आली का मागून कोणी तरी येते. तुमी जा. हिले इथं उभी नोका ठेवू."

मी तिथेच पायरीवर बसले. गार एसी आठवला, बॅटरीचा आकडा आठवला, ऋताचा प्रश्न आठवला. मी अनुसयाबाईंना सांगितलं, पोरीचा फोन आला तर एवढं सांगा, की आईने सांगितलं नाही, गाडीने सांगितलं. अशी गोष्ट कोण मानेल? मलाच सांगताना लाज वाटत होती.

तुझ्या एका वाक्याचं उत्तर मात्र द्यायचं आहे. तू लिहितोस, "पण आई, नंबर तर तूच दिला होतास." बरोबर आहे. गोंदियाच्या शोरूममध्ये ती चुणचुणीत मुलगी मला विचारत होती, "आंटी, अ‍ॅप में नंबर किसका डालूँ?" मी पर्समधून तुझा नंबर काढून दिला. गॅसला तुझ्या बाबांचा नंबर होता, प्रभाकर गेले आणि तो तुझा झाला. बँकेत तुझा, विजेच्या बिलाला तुझा, पेन्शनच्या कागदावर तुझा. नंबर विचारला की आमच्या पिढीच्या बाया घरातल्या पुरुषाचा सांगतात, आणि पुरुष नसला तर मुलाचा. स्वतःचा सांगताना आम्हाला जरा जास्तच झालं असं वाटतं. गाडी माझ्या पैशाची, आरसी बुकावर नाव माझं, चालवणार मी. आणि कुठे गेले ते सांगायला ती दर वेळी तुझ्याकडे जाणार.

तू त्या वेळी शेजारीच उभा होतास. तुला ठाऊक होतं की त्यात काय काय दिसतं. "आई, तुझाच टाक" एवढं तू म्हणू शकला असतास. म्हणाला नाहीस. मी तुला किल्ली दिली आणि तू ती माझ्या लेकीच्या दाराला लावलीस.

पहिल्यांदा ती घर सोडून माझ्याकडे आली होती, तेव्हा तासभर फोनवर समजावून तूच तिला परत धाडलंस. मीही गप्प बसले. म्हणून दुसऱ्या वेळी ती घरी आलीच नाही. बैहरहून फोन केला, "आई, मी इथं आहो. दादाले नको सांगू." तुझं नाव घेऊन सांगितलं तिने. तेव्हा मला तिचा राग आला होता, सख्ख्या भावाबद्दल असं बोलते म्हणून.

आई


बालाघाट, १८ ऑगस्ट

अनय,

देवेंद्रराव आणि पुष्पलताबाई काल येऊन गेले. तुझ्यामुळेच आले म्हणे, "जावईबापू म्हणाले, पत्रापेक्षा गाडीच जाऊन पाहा." म्हणजे मी पाठवलेलं तू त्यांना वाचून दाखवलं नाहीस. कसं दाखवणार म्हणा.

मी पुरणपोळी केली. व्याह्यांना आग्रह करून दोन जास्त वाढल्या. माझा मुलगा कसा आहे हे त्याच्या सासऱ्याला माझ्या तोंडून कळू नये, एवढी लाज मला अजून आहे. तुझी नाही, माझी म्हण.

देवेंद्ररावांनी गाडी भोवताली फिरून फिरून पाहिली. खाली वाकून पोट किती उंच आहे ते पाहिलं, दार दोनदा आपटलं, टायरला लाथ मारली. "विहीणबाई, आवाजच नाही हो हिले. बंद पडली का चालू आहे, समजत नाही." मग बसले, मी त्यांना वैनगंगेच्या पुलापर्यंत नेऊन आणलं. परत येईपर्यंत त्यांचा निश्चय झाला होता. डिकीत काय मावतं, पावसाचं पाणी साचलं तर काय, चार्जिंगचा खर्च काय, सगळं विचारून झालं. मी सांगत गेले. बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. पुष्कळ दिवसांनी कुणाला काही शिकवत होते.

मग ते म्हणाले, "चालवणार तर आमच्या पुष्पलताबाईच. मले आता डोळ्यानं नीट दिसत नाही. मीच म्हटलं, शीक तू."

"मग फोनमध्ये नंबर कोणाचा टाकणार?" मी विचारलं.

"माझाच. नाही तर अनयचा टाकू. पोरगं हुशार आहे, सगळं तेच पाहीन. हिले कुठं ते ओटीपी-बिटीपी जमते!"

पुष्पलताबाई ताटं उचलत होत्या. त्या तशाच थांबल्या. "जमते मले," त्या म्हणाल्या. "गॅस मीच बुक करतो ना?"

देवेंद्रराव हसले. मी नाही हसले. म्हटलं, "व्याहीबुवा, बाकी सगळं तुमच्या मनानं घ्या. रंग घ्या, बॅटरी घ्या, सीटचं कापड घ्या. पण नंबर जी चालवते तिचा. ही एक गोष्ट माझी ऐका." ते जरा चमकले. "काहून, काही झालं का?" "काही नाही. माझा चुकला, म्हणून सांगते." त्यांनी मान डोलावली आणि विषय टायरवर नेला. पुष्पलताबाई मात्र निघताना माझा हात धरून उभ्या राहिल्या. काय समजल्या कोण जाणे. "ऋता बरी आहे ना?" असं विचारलं. मी हौ म्हटलं.

हौ म्हटलं, अनय. ती जिवंत आहे की नाही हेसुद्धा मला माहीत नसताना.

आता कामाचं. ललिताच्या फोनवरून मी कंपनीत विचारलं. त्या बाई म्हणाल्या, ज्याच्या नावाने पहिल्यांदा खातं उघडलं त्याने स्वतः सोडल्याशिवाय दुसऱ्याला मिळत नाही. मी म्हटलं, गाडी माझी आहे. त्या म्हणाल्या, "जी मॅडम, लेकिन अकाउंट सर का है." त्या बिचारीची काय चूक? तर तू ते सोड. कसं सोडायचं ते तुला माहीत आहे. मी विनंती करत नाही. सांगते आहे.

आई


बालाघाट, ५ सप्टेंबर

अनय,

अ‍ॅपमध्येही गाडी माझ्या नावावर आली. ललिताच्या नातीने माझा फोन कोठीतून काढला, गहू झटकले आणि माझं खातं उघडून दिलं. आता गाडी मला दिसते. मी स्वयंपाकघरात आणि ती दारात, असं नकाशावर दोघी शेजारी शेजारी.

तुझं पत्रही मिळालं, हाताने लिहिलेलं. "आई, सोडलं. शपथेवर सांगतो, आता मला काही दिसत नाही. वीरेंद्रचा नंबरही काढून टाकला. आता तरी विश्वास ठेव. माझ्याशी बोल." अक्षर बघून तू सातवीतला डोळ्यांपुढे आलास. तीन वेळा वाचलं. तू रडत रडत लिहिलं असशील, मला माहीत आहे. माझ्या पोटचा आहेस, तुझं खोटं रडणं आणि खरं रडणं मला कळतं.

सोडलंस ते बरं केलंस. पण विश्वास ठेव म्हणतोस, तो कसा ठेवायचा ते सांग. मला खरंच शिकायचं आहे. सकाळी गाडीत बसते तेव्हा एसी स्वतः लावते, आणि हवा सुटली की लगेच बंद करून टाकते. बटण माझ्याच बोटाखाली असतं, तरी. वर्गात मी पोरांना सांगायचे की एखादी गोष्ट तपासून पाहता येत नसेल तर ती खरी धरू नका. तू पुण्यात काय पाहतोस आणि काय नाही, ते मी बालाघाटात बसून कसं तपासू?

आई


२१ सप्टेंबर

अनय,

ऋता बरी आहे. एवढं तुला कळायला हवं, म्हणून हे लिहिते. तू तिचा भाऊ आहेस आणि तुलाही झोप लागत नसेल.

अनुसयाबाई डोळे दाखवायला बालाघाटला आल्या होत्या. दवाखान्यातून सरळ माझ्याकडे आल्या. दारातल्या गाडीला वळसा घालून ओट्यावर चढल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "पोरीचा फोन आलता. मी सांगतलं तिले, तुमच्या गाडीचं. मग म्हणे, आईले इकडं पाठवा." आणि कुठे उतरायचं, कुठल्या झाडाकडून वळायचं, ते त्यांनी मला तोंडीच सांगितलं. मी दोनदा म्हणून दाखवलं. लिहून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी किल्ली घेऊन बाहेर आले. गाडी भरलेली होती. ती माझ्या नावाची आहे, माझ्या फोनवर आहे, तू सगळं सोडलेलं आहेस. दार उघडलं, चादर मागच्या सीटवर ठेवली. बसले नाही. चादर परत काढली, फोन घरात ठेवला, कुलूप लावलं आणि पायी बस स्टँडवर गेले.

गाव सांगत नाही. बस भरलेली होती, अर्ध्या वाटेपर्यंत उभीच होते. उतरून बरंच चालावं लागलं. घर सापडलं, कडी वाजवली.

ऋताने दार अर्धंच उघडलं. वाळली आहे. केस कापून टाकले आहेत. माझ्या तोंडाकडे तिने आधी बघितलंच नाही. माझ्या खांद्यावरून मागे, रस्त्याकडे बघत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"कायनं आली?"

"बसनं."

"फोन?"

"घरी ठेवला."

ती आणखी थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिली. मग दारातून बाजूला झाली.

आम्ही काय बोललो ते तुझ्यासाठी नाही. तुझ्याबद्दल तिने एकच गोष्ट विचारली. मी निघताना, माझ्या पाया पडून उठली आणि म्हणाली, "आई, दादाले सांगशीन?"

मी तिला शब्द दिला आहे. तू माझा मुलगा आहेस, तुझ्यावर माझी माया आहे, तू आलास तर तुला जेवायला वाढीन. पण ती कुठे आहे हे तू मला कधी विचारायचं नाहीस. मी मरायला टेकले आणि तू उशाशी बसलास, तरीही नाही.

आई